पोटाला बांधलेलं रबर

माझ्या भाचीला सातवा महिना लागलाय आणि तिच्या घरी मोबाईलवरून रोज वाजतं. सासू म्हणते फोन पोटाजवळ आणू नको. नवरा झोपताना वायफायचं बटण बंद करतो, आणि सकाळी उठल्याबरोबर ते चालू करायलाही तोच धावतो. भाची बिचारी दिवसभर फोनवरच कामाला बसलेली. कोणी ना कोणी येऊन तिच्या हातातला फोन काढतं आणि लांब टेबलावर ठेवून जातं. मग निवाडा करायला मला फोन येतो, तोही मोबाईलवरच. का, तर मावशी टेलिफोनमध्ये नोकरीला होती, तिला माहीत असणार.

मला त्या लहरींतलं काही कळत नाही, हे मी सरळ सांगून टाकते. तुझ्या डॉक्टरला विचार, ती सांगेल तसं कर. पण परवा ती म्हणाली, "मावशी, तुझ्या वेळी बरं होतं, तेव्हा असली भानगडच नव्हती." मला हसू आलं आणि थोडा रागही आला. आमच्या वेळी मोबाईल नव्हते, भानगड मात्र होती. माझ्या पोटाला तर ट्रॅक्टरचं रबर बांधलेलं होतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. नागपूरच्या वर, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी ऑपरेटर होते. समोर उभा बोर्ड, त्यावर गावातल्या एकेका फोनची एकेक छोटी झडप. कोणी आपल्या दुकानात बसून फोनची मूठ फिरवली की इथे त्याची झडप टपकन पडायची. आपण त्याच्या भोकात प्लग खुपसायचा, कुठे बोलायचंय ते विचारायचं आणि दुसरा प्लग हव्या त्या ठिकाणी लावून द्यायचा. कानाला हेडफोन आणि गळ्यात पट्ट्याने अडकवलेला माउथपीस, म्हणजे छातीवर बसणारा एक वाकडा काळा भोंगा. संत्र्याचा हंगाम आला की व्यापारी सकाळपासून दिल्ली मागायचे, कलकत्ता मागायचे, आणि लाइन लागली की अशा खरखरीत बोलायचे की ओरडून ओरडून त्यांचे गळे बसत आणि माझे कान. मला ते काम मनापासून आवडायचं. परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी होती, आणि आमच्या घरात बाईने कमावलेली पहिलीच.

नवरा पांढुर्ण्यातच शाळेत शिकवायचा. त्याचं घर सौंसरचं, गावाबाहेर संत्र्याचा बगीचा आणि थोडी कपाशी. तिथे माझ्या सासूबाई एकट्या सगळा कारभार बघायच्या. सासरे लवकर गेले होते. बाई कडक, आवाज खणखणीत, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती काढायला कोणाची टाप नाही.

ते रबर बांधलं त्याच्या आदल्या वर्षी माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगा होता. मला तो नीट दाखवलाही नाही. शेवटच्या दिवसांत माझं डोकं फार दुखायचं. ड्यूटीवरून आले की ओला रुमाल बांधून पडून राहायचे. पण एक्सचेंजमध्ये डोकं कोणाचं दुखत नव्हतं? हेडफोन काढला की सगळ्यांच्या कानामागे लाल वण उठलेले असायचे. सगळे चहा प्यायचे, गोळी घ्यायचे आणि परत बोर्डावर बसायचे. मीही तेच केलं. पायांना सूज होती, तर दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत असतात म्हणून असेल, असं म्हणून सोडून दिलं.

सासूबाईंनी मात्र तेव्हाच निकाल लावून टाकला. त्या मशीननं लेकरू खाल्लं.

दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तशा त्या सौंसरहून बसने आल्या, संत्र्यांचं एक पोतं आणि तो निकाल घेऊन. चपला काढायच्या आधीच सुरुवात झाली.

"आता पुरे झालं व बाई तुह्यं हॅलो हॅलो. सोड ते नोकरी."

"नाही सोडत, आत्याबाई." सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणायचे.

"काहून?"

"फोननं काही होत नाही म्हणून."

"तं मागच्या खेपेले कायनं झालं?"

नवरा आळीपाळीने दोघींकडे बघत होता. शाळेत वर्ग आवरणारा माणूस घरात आमच्यापुढे नेहमीच गप्प बसायचा. मी तावातावाने उठून चहा ठेवायला गेले आणि साखरेचा डबा आपटला.

मी नोकरीला चिकटून राहिले ते हट्टाने, असं सगळ्यांना वाटलं. हट्ट होताच, माझा स्वभाव काही गरीब गायीचा नाही. पण त्याखाली दुसरं काही होतं, ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नोकरी सोडली असती तर मी कबूल केल्यासारखं झालं असतं, की ते बाळ माझ्यामुळे गेलं. मी बोर्डावर बसले म्हणून गेलं. तेवढं मला पेलणारं नव्हतं. आणि हेही बाळ गेलं तर काय, हा विचार आला की हातातला प्लग भोकात जायचा नाही.

सासूबाई सौंसरला परत गेल्या आणि लवकरच पुन्हा आल्या. पिशवीतून त्यांनी एक काळी वस्तू काढून खाटेवर टाकली. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा मोठा तुकडा, पोटाच्या आकाराचा कापलेला, कडेला कापडी पट्टी शिवलेली आणि दोन्ही बाजूंना नाड्या. बाजारातल्या मोच्याकडून त्यांनी समोर बसून करून घेतला होता.

विजेबद्दल त्यांना जे काही माहीत होतं ते विहिरीवरच्या मोटारीमुळे. पावसाळ्यात स्टार्टरला हात लावायचा तर पायात रबरी चप्पल पाहिजे आणि खाली कोरडी फळी, हे त्यांनी एका गड्याला झटका बसलेला पाहून शिकून घेतलं होतं. त्यात चूक काही नव्हतं. फोनची तारही तारच, म्हणजे तिच्यातही करंट. तो कानातून शिरतो, छातीवरच्या भोंग्यातून खाली उतरतो आणि पोटात जातो. मधे रबर घातलं की संपलं.

"हे बांधून जात जाय," त्या म्हणाल्या. "मंग मी काई म्हनत नाई."

"आत्याबाई, लोक हसतील मला."

"हसू दे. लोकायले लेकरू व्हाचं हाये का तुले?"

मी बांधलं. त्यांचं तोंड बंद करायला बांधलं असं मी तेव्हा म्हणायचे. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायची. रोज सकाळी साडीच्या आत ते गार रबर पोटाला लागलं की अंगावर काटा यायचा, आणि नाडीची गाठ मात्र मीच दोनदा ओढून बघायचे.

ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं तसे माझे हाल सुरू झाले. पत्र्याच्या छपराखाली बोर्डाची खोली तापायची, रबराखाली घामाच्या धारा, आणि वास तर विचारू नका. एका दुपारी आमचे मोठे ऑपरेटर, बिचारे वयस्कर आणि भले गृहस्थ, नाक वर करून हुंगायला लागले.

"कुठं काही जळून राहिलं का?"

टेक्निशियनला बोलावलं. त्याने बोर्डाची मागची फळी उघडली, तारांचे जुडगे एकेक करून हुंगले, मागच्या खोलीत जाऊन बॅटऱ्या बघून आला. काही सापडेना. वास तर येतच होता. मी मान खाली घालून प्लग लावत बसले. शेवटी तो हुंगत हुंगत माझ्या खुर्चीपर्यंत आला आणि मोठ्या ऑपरेटरांनी लाइन बंद करायची का असं विचारलं, तेव्हा मला बोलावंच लागलं.

"भाऊ, लाइन बंद करू नका. जळून राहिलं ते मीच आहे."

सगळं सांगितल्यावर टेक्निशियन हसून हसून खाली बसला. मोठे ऑपरेटर हसले नाहीत. त्यांनी आपल्या बाजूचा टेबलफॅन उचलला, माझ्याकडे तोंड करून ठेवला आणि स्वतः रजिस्टरने वारा घेत बसले.

सासूबाई पांढुर्ण्यात असल्या की रबर बांधलंय की नाही हे बघायला एक्सचेंजच्या पायरीवर येऊन बसायच्या. आत यायला मनाई होती, म्हणून दारातूनच माझ्या पाठीकडे बघायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या लाइनमनना थांबवून त्यांनी चौकशी आरंभली. लेकरं किती, सगळी धड आहेत का, ऐकू येतं का. सगळ्यांची लेकरं ठणठणीत निघाली. मला वाटलं आता तरी बाईंचं समाधान होईल. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "त्याईची लेकरं चांगलीच राहीन ना. त्याईच्या बायका कुठं मशीनवर बसून राहिल्या?"

दिवाळीला मी रजा घेतली आणि आम्ही सौंसरला गेलो. सातवा संपत आला होता. रबर मी पांढुर्ण्याच्या खोलीत खुंटीला टांगून आले, कारण बगीच्यातल्या त्या घरापासून चहूकडे कुठेच फोन नव्हता. आंब्या बहाराची, म्हणजे दिवाळीच्या हंगामाची, संत्री तोडणीला आलेली, ओसरीत कपाशीचा ढीग, आणि अंगणात दिवसभर माणसांची ये-जा. मला कामाला हात लावू देत नव्हते. कितीतरी महिन्यांनी माझ्या कानात खरखर नव्हती. मी खाटेवर बसून फराळाचं खायचे आणि पोटातलं बाळ हललं की हात ठेवून मोजल्यासारखं करायचे. ह्या वेळी सगळं ठीक होणार, असं मला पहिल्यांदाच वाटायला लागलं.

दिवाळी झाल्यावर सासूबाईंनी माझ्या डोहाळजेवणाचं ठरवलं आणि हिरव्या चुड्यासाठी बांगडीवालीला बोलावलं. तिने नेहमीच्या मापाची बांगडी घेतली, माझा हात दाबून चढवायला गेली, ती अंगठ्याशीच अडकली. एक माप मोठी घेतली, तीही जाईना. तिने माझा हात उलटासुलटा करून पाहिला.

"हात सुजला तुमचा, बाई."

"थंडीमुळे असेल," मी म्हटलं.

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या उठून आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. सकाळपासून माझं डोकं जड होतं, ते मी कोणाला बोलले नव्हते. अंगणात बघितलं की डोळ्यांपुढे ठिपके नाचायचे. मी ते उन्हावर ढकललं होतं.

"डोकं दुखते का तुह्यं?"

"थोडंसं."

त्या माझ्या शेजारी बसल्या. बांगडीवाली आपली टोपली आवरायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "पन इथं तं मशीन नाई."

त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. आतापर्यंत आम्ही भांडत होतो खऱ्या, पण एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं. डोकं दुखतं ते हेडफोनने. त्या म्हणायच्या त्यामुळे लेकरू जातं, मी म्हणायचे त्यामुळे काही होत नाही. आता हेडफोन तिकडे पांढुर्ण्यात होता आणि डोकं इथे ठणकत होतं. मशीन नसेल तर मग काय उरलं? मीच उरले.

"मले बी असंच दुखे," सासूबाई म्हणाल्या. एवढंच. मग एकदम त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "उठ! उठ व बाई, दवाखान्यात चाल."

अंगणात मंडीला जायचा मेटाडोर संत्र्यांनी भरत होता. अर्धाच भरला होता. सासूबाईंनी तो तसाच निघायला लावला. ड्रायव्हर म्हणाला, माल भरून होऊ द्या. त्यावर त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. ड्रायव्हर आणि सासूबाई ह्यांच्या मधे मी, मागे संत्र्यांवर माझा नवरा, अशी आमची वरात सौंसरच्या बाजारातून गेली.

लेडी डॉक्टर नवीनच आलेल्या, वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या. घराच्याच खालच्या भागात दवाखाना आणि चार खाटा. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगवला. दोन खेपांत माझ्या दंडाला तो पट्टा पहिल्यांदाच लागत होता. त्यांनी पुन्हा फुगवून बघितलं. नडगीवर अंगठा दाबला, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग माझी लघवी एका काचनळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. नळीत वरच्या बाजूला पांढरं साकळलं, अंड्याचा पांढरा भाग शिजतो तसं.

सासूबाईंना राहवलं नाही. "बाई, हे फोनच्या मशीनवर बसते. त्याच्यानं तं नाई?"

"आजी, ही फोनवर बसू दे नाहीतर पाण्याच्या टाकीवर. ह्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. हिचं प्रेशर वाढलंय. काही बायकांना पोटुशी असताना होतं हे. बाळालाही त्रास, आईलाही त्रास, पण वेळेवर कळलं तर सांभाळता येतं." मग माझ्याकडे वळल्या. "मागच्या वेळी असंच होतं? डोकं, सूज?"

"हो."

"प्रेशर कोणी बघितलं होतं?"

"नाही."

"आता खात्रीने कोण सांगणार? पण बहुतेक तेच असणार. तुम्ही काही केलं म्हणून झालं नाही ते, आणि काही केलं नाही म्हणूनही नाही."

मी तिथेच रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं मी घाबरले, त्या समजूत घालायला लागल्या. घाबरले तर होतेच. पण वर्षभर जे छातीवर घेऊन मी प्लग लावत होते ते कोणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि मला इतकं बरं वाटलं की रडण्याशिवाय काही सुचेना.

भाचीला मी जे आवाज चढवून सांगते ते हेच. फोन जवळ ठेव की लांब, ते तुझी डॉक्टर आणि तू बघा. पण डोकं दुखलं, डोळ्यांपुढे ठिपके आले, अंगठी बोटात रुतली, तर फोनला शिव्या देत घरी बसू नको. दंडाला पट्टा लावून घे. आम्ही दोघी शहाण्या बाया एका हेडफोनवर बोट ठेवून बसलो आणि मधल्या मधे खरं दुखणं आमच्या घरात येऊन गेलं.

डॉक्टरांनी मला घरी सोडलं नाही. त्या चार खाटांतल्या खिडकीजवळच्या खाटेवर मी राहिले, डाव्या कुशीवर. नवरा पांढुर्ण्याहून शाळा करून जमेल तेव्हा बसने यायचा. माझी रजा त्यानेच वाढवून आणली, आणि मोठ्या ऑपरेटरांनी निरोप पाठवला की खुर्ची कुठे पळून जात नाही. सासूबाईंनी बगीचा गड्यांवर सोपवून माझ्या खाटेशी ठाण मांडलं. मी जरा वळले की "डावी कूस!" अशी आरोळी यायची. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा दचकून डावीकडे वळायची.

प्रेशर म्हणजे काय हे त्यांनी डॉक्टरांकडून समजून घेतलं, आणि अर्थात मोटारीच्या भाषेत.

"पाइपात पानी लई जोरानं आलं का जोड निघते. तसंच ना बाई?"

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

तेव्हापासून त्या रोज विचारायच्या, "काटा कुठं हाये आज?" काटा खाली असला की मला संत्रं सोलून मिळायचं. एकदा तो फारच वर गेला. डॉक्टरांनी नागपूरला न्यायची तयारी ठेवायला सांगितली आणि एक जीप दिवसभर दारात उभी राहिली. त्या दिवशी सासूबाईंनी जामसांवलीच्या मारुतीला काय काय कबूल केलं कोण जाणे. संध्याकाळी काटा उतरला आणि जीप परत गेली.

त्या पडून राहण्याच्या दिवसांत, एका दुपारी, संत्र्याची साल काढता काढता त्या बोलल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"माह्ये दोन गेले. ह्याच्या आधी."

ह्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. तो एकुलता एक, असंच मला माहीत होतं.

पहिल्या खेपेला त्या वावरात होत्या. गहन, म्हणजे ग्रहण, लागलंय हे तिथे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विळ्याने अंबाडीची भाजी चिरली. पुढे लेकरू गेलं. सासू म्हणाली, गहनात विळा चालवला, दुसरं काय होणार. दुसऱ्या खेपेला त्या गहनात अंधाऱ्या खोलीत हातपाय ताठ करून पडून राहिल्या, तरी गेलं. तेव्हा म्हणाले, पहिल्याचा दोष लागून राहिला. तिसऱ्या खेपेला त्यांनी पूर्ण दिवस भरेपर्यंत विळ्याला हातच लावला नाही, आणि मुलगा जगला. मग तर शंकेला जागाच उरली नाही.

"सूज होती का तेव्हा, आत्याबाई? डोकं दुखायचं?"

"तोंड असं झालं होतं का आरशात मले मीच वळखू नाई आली."

"मग डॉक्टरांना विचारा ना."

"आता काय विचाराचं? बुढी झाली मी." त्यांनी संत्र्याच्या फोडी माझ्या हातात ठेवल्या आणि साली टाकायला बाहेर गेल्या. बराच वेळ परत आल्या नाहीत.

मला त्यांचं ते मशीनचं वेड तेव्हा कळलं. माझ्यावर दोष येऊ नये म्हणून बाई दोष घालायला दुसरं काहीतरी शोधत होती. त्यांच्या वेळी तो विळा त्यांच्याच हातात दिला होता लोकांनी.

मुलगी झाली. दिवस भरायला थोडे बाकी होते, पण डॉक्टर म्हणाल्या आता थांबायचं नाही. एवढीशी, लालबुंद, आणि पहिल्यांदा रडली ती मांजराच्या पिल्लासारखी. दुसऱ्यांदा मात्र अशी रडली की सासूबाई म्हणाल्या, "हे जाईन बरं बोर्डावर! दिल्लीले बिनतारेचं ऐकू जाईन." सगळ्या खोलीला हसू आलं. मला टाके होते, तरी मी हसले.

हळूहळू माझं प्रेशर उतरलं, सूज गेली, हातात बांगड्या खेळायला लागल्या. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर शेवटचं बघायला आल्या. नवरा दारात सामान घेऊन उभा होता. सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर निघाल्या तशा त्या म्हणाल्या, "बाई, एक विचारू का?"

आणि त्यांनी विचारलं. अंबाडी, गहन, सूज, डोकं, दुसऱ्या खेपेला आलेले झटके, ज्यांना घरचे वारं लागलं म्हणाले होते. सगळं भराभर सांगितलं, मधे कोणी थांबवेल अशा घाईने. डॉक्टर खाटेच्या कडेवर टेकल्या. सगळं ऐकून घेतलं.

"आजी, भाजी चिरल्यानं काही होत नाही. तुम्हालाही हेच झालं असणार. तेव्हा इथं बघायला कोणी नव्हतं."

"मंग मी नाई मारले त्याईले?"

"नाही हो आजी. मुळीच नाही."

सासूबाईंनी नातीच्या दुपट्यात तोंड घातलं. खणखणीत आवाजाची ती बाई आवाज न करता रडत होती, नुसते खांदे हलत होते. नवऱ्याने सामान खाली ठेवलं. "कोणाले, माय? कोणाबद्दल बोलून राहिली?" तो विचारत होता, आणि त्याला सांगायचं कसं ते आम्हा दोघींनाही कळत नव्हतं. शेवटी त्यांनीच सांगितलं. तीस-पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा. एक पोरगी होती. एक पोरगा होता.

बारसं बगीच्यातल्या घरी झालं. थंडी होती, ऊन चांगलं पडलं होतं. आमच्याकडे बारशाला हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटतात, लेकरू आलं ह्याची गावाला ती खूण. सासूबाईंनी लग्नातलं मोठं पातेलं चुलीवर चढवलं होतं. आलेल्या बायका म्हणाल्या, एवढ्या कायले, एका लेकराच्या?

"चार लेकरायच्या हायेत," सासूबाई म्हणाल्या.

कोणाला काही उमगलं नाही. त्यांनी पहिली मूठ भरली आणि माझ्या नवऱ्याच्या ओंजळीत टाकली. "ह्या तुह्या बहिनीच्या." दुसरी टाकली. "ह्या तुह्या भावाच्या." मग पदराने हात पुसत माझ्याकडे आल्या. मांडीवर मुलगी होती म्हणून मी एकच हात पुढे केला. त्यांनी मूठ भरून घुगऱ्या त्यात ठेवल्या आणि माझी बोटं आपल्या हाताने मिटवली.

"अन् ह्या तुह्या पोराच्या. त्याचं बी बारसं राहून गेलं होतं."